देवीची पायरी

"मंदे, बाहेर कोण आहे का बघ. नसेल तर आत ये आणि दार धर."

भर दुपार होती. मी आबांना जेवायला बोलवायला देवळात गेले, तर आबा गाभाऱ्याच्या दाराशी उकिडवे बसून पटाशीनं दाराची खालची कड तासत होते. छिलके जमिनीवर सांडू नयेत म्हणून धोतराचा सोगा पुढं पसरला होता. गावदेवीचा गुरव, आणि चोरासारखे कान टवकारून बसलेला!

"अहो आबा, देवीचं दार तासताय? कशाला?"

"फुगलंय. पावसाळी हवा."

"चैत्र चाललाय आबा. पावसाळी हवा कुठून आणलीत?"

"तोंड आवर आणि दार धर."

मी दार धरलं. ते सगळीकडं नव्हतं अडत, खाडीकडच्या एकाच कोपऱ्यात उंबऱ्याला घासत होतं. बघते तर त्या कोपऱ्यात आधीच्या तासण्याच्या खुणा होत्या आणि वर भिंतीत चुन्याचा ताजा पट्टा ओढलेला. आमच्या घरात मी बोलकी, माझी थोरली बहीण हेमाताई गप्प. गप्प बसणं मला जमतच नाही.

"आबा, हे पहिल्यांदा नाही. भेग कधी पडली?"

आबांनी पटाशी खाली ठेवली. तांब्या उचलला आणि देवीच्या पायाशी पाणी ओतलं. आमच्या आजोबा-पणजोबांपासून अभिषेकाचं पाणी डोंगराकडच्या गोमुखातून बाहेर पडायचं. त्या दिवशी ते थोडं पुढं गेलं, थबकलं, आणि वळून देवीच्या पाठीमागं खाडीकडच्या कोपऱ्यात जाऊन साचलं. आबांनी घाईघाईनं पंचानं ते टिपून घेतलं.

"माघापासून असं चाललंय," ते म्हणाले. "देवी पाणी परत फिरवतेय मंदे. रुसलीय ती."

"कोणावर?"

त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मला कळलं. हेमाताईवर, आणखी कोणावर.

"कोणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील," आबा म्हणाले, आणि पंचा पिळायला मागच्या दारानं गेले.

आता हेमाताईचं सांगते. दोन वर्षांपूर्वी ताईनं हरेश्वरशी लग्न केलं होतं. हरेश्वर कोळ्यांचा, खाडीपलीकडच्या बंदरावर बर्फाच्या गाडीवर ड्रायव्हर. मुलगा सोन्यासारखा, पण परजातीचा. गुरवाच्या मुलीनं असं केलं म्हणून भावकीनं काय काय तोंडं वाजवली! आबांची देवीची सेवाच काढून घ्या म्हणणारेही निघाले. आबांनी सेवा राखली आणि लेक तोडली. घरात तिचं नाव निघालं की आई पदर तोंडाला लावायची.

पुढं ताईला दिवस गेल्याचं कळलं. आईनं तोंडात अन्न घेणं सोडलं तेव्हा आबा एकदाचे विरघळले. "पहिलं बाळंतपण आहे. माहेरीच झालं पाहिजे. येऊ दे तिला," म्हणाले. नुसते म्हणाले नाहीत, माजघरातल्या तुळईला स्वतः शिडी लावून पाळण्याचा आकडा ठोकला, त्याला लोंबकळून बघितलं. मी हसले तर म्हणाले, "हसतेस काय? नातवंडाचा भार पेलला पाहिजे." इतकं खूश मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात देवळातलं पाणी वळलं. आम्हाला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. फाल्गुनात ताई आली. सातवा संपत आलेला, चेहरा उन्हानं लाल, मागं हरेश्वर पेटी घेऊन. आबा ओसरीवरून खाली उतरले. मला वाटलं, सामोरे चालले. त्यांनी तुळशीजवळ हात आडवा केला.

"तिथंच थांब. पुढं येऊ नको."

"आबा?" ताई म्हणाली.

"परत जा. माझ्या घरात जागा नाही."

"मामा, तुम्हीच निरोप धाडलात ना?" हरेश्वर म्हणाला. "उन्हात उभी आहे ती."

"धाडला असेल. आता नको."

आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. ताई पाणी प्यायली, तांब्या आईच्या हातात दिला, आणि वळली. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. होडीच्या धक्क्यापर्यंत पेटी मी पोचवली. मान वर करून तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही. बाप इतका निर्दय का झाला हे कळायला मला चैत्रातली ती दुपार उजाडावी लागली, आणि कळल्यावर तर बापाच्या बाजूनं बोलावं की ताईच्या, तेही कळेना.

या सगळ्यात गावाचं लक्ष मात्र दुसरीकडंच होतं. आमच्या दादरखारात सातवीच्या पुढं शाळा नव्हती. मुलगे होडीनं पलीकडं जायचे, मुली चुलीकडं वळायच्या. मीही तशीच सातवी पास होऊन घरी बसलेली. अखेर हायस्कूल मंजूर झालं. जागा कोणती, तर देवळाला लागून खाडीच्या बाजूला असलेलं खाजण. तिथं म्हैस गेली तर पोटापर्यंत रुतायची. इमारत बांधायला नाईकवडी नावाचे तरुण साहेब आले, कोल्हापूरकडचे. कार्तिकात आल्या आल्या त्यांनी खाजणावर भराव केला आणि त्याच्यावर ट्रकच्या ट्रक मुरूम ओतून देवळाच्या कळसाशी भिडेल एवढा ढीग उभा केला. आणि मग काय? काहीच नाही! विटा नाहीत, गवंडी नाहीत, नुसता ढीग.

सरपंच दामूअण्णांनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, शाळा बांधायची की डोंगर?"

नाईकवडी हसले. ते आहेला 'हाय' म्हणायचे, आम्हाला मजा वाटायची. "अण्णा, तुमच्याकडं दडपे पोहे कसं करतात?"

"हे काय आता?"

"पोह्यांवर वजन ठेवून दडपतात का न्हाई? पाणी सुटतं, पोहे बसतात. ही खाली चिकण माती हाय, पाण्यानं भरलेली. तिच्यावर शाळा बांधली तर शाळा हळूहळू खचणार, भिंती फाटणार. म्हणून शाळेपेक्षा जास्त भार आधीच घालून ठेवायचा. पाणी निघून जाऊ दे, माती काय बसायची ती आत्ताच बसू दे. बसायची थांबली की ढीग काढायचा आणि शाळा बांधायची. मग ती हलत न्हाई."

"आणि बसायची थांबली हे कसं कळणार?"

त्यासाठी ढिगाच्या पोटात लोखंडी पाट्या पुरल्या होत्या, त्यांच्या कांबी वर आलेल्या. दर महिन्याला दुर्बिणीचं मशीन लावून कांबी किती खाली गेल्या ते मोजायचं. पण खाली म्हणजे कशाच्या खाली? एक तरी न हलणारी खूण हवी. नाईकवडींनी सडकेच्या मोरीवरची, म्हणजे लहान पुलावरची, खूण धरायची ठरवली होती. पण ती लांब पडायची, आणि आमचे लोक ऐकतील तर शपथ! दामूअण्णा म्हणाले, "मोरी कसली धरताय? आमच्या देवीची पायरी धरा. देवी कातळावर बसलीय, स्वयंभू. अख्खी खाडी हलेल, पायरी हलणार नाही. शिवाय तिच्या नजरेखाली काम होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. आबांनी स्वतः पायरीला कुंकू लावलं, त्याच्या शेजारी नाईकवडींनी लाल रंगाची खूण केली. मोरीशी पायरीच्या उंचीचा एकदाच मेळ घालून ठेवला, आणि तिथून पुढं सगळं मोजमाप देवीच्या पायरीवरून.

वैशाखात ताईला मुलगी झाल्याचा निरोप आला. सरकारी दवाखान्यात, जवळ माहेरचं कोणी नाही. आईनं डिंकाचे लाडू वळले, आणि पाठवायची परवानगी मागायला आबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आबा भिंतीकडं तोंड करून झोपले होते, उठले नाहीत. लाडू डब्यातच राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नाईकवडी शेवटचं मोजायला आले. त्यांचा नेहमीचा माणूस आजारी होता, म्हणून पायरीवर पट्टी धरायला मला उभं केलं. सभामंडपात सरपंच, पंच, बायामाणसं, सगळे जमलेले. आबा गाभाऱ्याच्या दारात. नाईकवडींनी मशीनमधून बघितलं, कागदावर लिहिलं, आणि तोंडभर हसले.

"अण्णा, पेढे आणा. सलग तीन खेपा कांबी तिथंच हायत. माती बसायची थांबली. उद्यापासून ढीग काढायला घेऊ, पावसाआधी पाया भरू."

लोकांनी देवीच्या नावाचा गजर केला. दामूअण्णा आबांना म्हणाले, "दाजी, नारळ तुम्ही फोडायचा."

आबांनी मान डोलावली.

"साहेब," मी म्हटलं, "कांबी तिथंच आहेत म्हणजे पायरीच्या हिशेबानं ना?"

"व्हय ताई."

"आणि पायरीच खाली गेली असेल तर?"

ते हसले. "देवीची पायरी? तुमचीच माणसं म्हणाली, कातळ हाय म्हणून."

मी आबांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. त्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती काकुळती होती. माझा बाप माझ्यासमोर मनातल्या मनात हात जोडून उभा होता. नको मंदे, असंच ते डोळे म्हणत होते. मग मला त्या खाजणात रुतलेली म्हैस दिसली, आणि त्यावर शाळा, शाळेत पोरी. आबांनी बोलावं म्हणून मी वाट बघितली, देवीशप्पथ बघितली. ते बोलले नाहीत.

मी पट्टी भिंतीला टेकवली, आबांच्या शेजारून आत गेले, तांब्या उचलला आणि सगळ्यांदेखत देवीच्या पायाशी पाणी ओतलं.

पाणी गोमुखाकडं निघालं, थबकलं, आणि वळून ढिगाच्या बाजूला जाऊन साचलं.

"दाजी," दामूअण्णांनी हळूच विचारलं, "हे कधीपासून?"

आबांनी पंचात तोंड लपवलं. खांदे हलायला लागले. "माघापासून," ते आतूनच म्हणाले. "दार तासत होतो. भेगा बुजवत होतो. देवी रुसलीय माझ्यावर. माझ्या घरातल्या पापानं गावाची देवी कलंडली."

शरमेनं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात. आमची धरणी तर आधीच घेत होती, पण मला काही घेईना. घरची लक्तरं मी वेशीवर टांगली होती, तीही सख्ख्या बापाची.

नाईकवडींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मशीन उचललं, मोरीपर्यंत टप्प्याटप्प्यानं मोजत गेले, तसेच मोजत परत आले. मग पायरीवर बसले आणि कपाळाला हात लावला.

"चार बोटं," ते म्हणाले. "पायरी चार बोटं खाली गेलीय. ढिगाबरोबर देऊळ बी बसतंय, म्हणून मला कांबी जागच्या जागी दिसत होत्या. उद्या ढीग काढला असता आणि वर पोरं बसवली असती. माझंच चुकलं. तुम्ही म्हणालात आणि मी ऐकलं. खाली कातळबितळ काही न्हाई, हितंबी चिखलच हाय."

"म्हणजे देवी..." आबा पंचा बाजूला करून पुढं आले.

"देवीचा काय संबंध काका? एवढा भार शेजारी टाकला तर कडेची जमीन बी ओढली जाणारच. त्यानं देऊळ त्या बाजूला कललं."

"रागानं नाही?"

"काका, मुरमाला कसला आलाय राग?"

आबा तिथंच उभे राहिले. ओठ हलत होते. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "कार्तिकात ढीग. माघात पाणी. फाल्गुनात हेमा." तेवढंच पुन्हा पुन्हा पुटपुटत होते. मग त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि गर्दीतून वाट काढत, पायांत काही न घालता, तडक धक्क्याकडं निघाले. मी मागून धावले. वाटेत घरासमोर आईनं लाडवांचा डबा माझ्या हातात कोंबला.

होडीत आबा माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. उलट चेहरा उजळत चाललेला. "पोरीचा काही दोष नव्हता गं," ते म्हणत होते. "फुकट घालवली मी तिला. आता सांगतो तिला सगळं." मलाही हलकं वाटत होतं. ताई सुटली, मुरूम अडकला, असं काहीसं माझ्या डोक्यात चाललं होतं. आता आठवलं की त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

हरेश्वरचं घर धक्क्याजवळच होतं. ताई बाळाला घेऊन ओसरीवर आली. आबा अंगणात थांबले.

"मामा, आत या की," हरेश्वर म्हणाला.

"थांब, आधी बोलतो." आणि आबा भडाभडा बोलत सुटले. पाणी, दार, चुना, पायरी, चार बोटं. "मुरमानं झालं गं सगळं! देवी रुसलीच नव्हती. साहेबांनी मशीन लावून दाखवलं, गावानं बघितलं. तुझा काही दोष नाही हेमे. चल घरी."

ताईनं सगळं ऐकून घेतलं. बाळाचं टोपरं सारखं केलं.

"आबा, एक विचारू?"

"विचार की."

"देवी खरंच रुसली असती, तर?"

"तर काय?"

"तर मला उन्हातनं परत पाठवलंत ते बरोबर होतं?"

आबांचे हातवारे करत असलेले हात तसेच हवेत राहिले, मग खाली आले. ताईच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते तिच्याशी. ती खरंच विचारत होती. लाडवांचा डबा मी ओसरीच्या कडेला ठेवला आणि आम्ही परतलो. होडीत आबांनी पंचा डोक्यावरून तोंडावर ओढून घेतला, तो घर येईपर्यंत काढला नाही.

गाव आबांना काही बोललं नाही. सेवा त्यांच्याकडंच राहिली. कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं, पण लोक उलट जास्तच मानानं बोलायला लागले आणि आबा जास्तच खाली बघून चालायला लागले. नाईकवडींनी ढीग काढला नाही, वर आणखी मुरूम चढवला, आणि खूण मोरीवर नेली. अख्खा पावसाळा आणि त्याच्या पुढचा उन्हाळा तो ढीग तसाच पडून होता. लोक कंटाळले. नाईकवडी म्हणायचे, "बसू दे. घाई केली की काय होतं ते बघितलंय मी." पुढं शाळा झाली. आता त्या शाळेत माझी नात जाते, आणि भिंतीवर अजून केसाएवढा तडा नाही. देऊळ तेवढं तसंच कललेलं आहे.

पण त्या पहिल्या पावसाळ्यात आबांनी दार तासणं सोडलं. पाणी ओतायचे आणि ते वळून कोपऱ्यात जाताना बघत बसायचे, पुसायचे नाहीत. मी एकदा पंचा घेऊन पुढं झाले तर म्हणाले, "राहू दे. जातंय तिकडं जाऊ दे." जेवताना माजघरातल्या आकड्याकडं बघायचे. आईनं एकदा विचारलं, "हेमाकडं जायचं का?" म्हणाले, "काय सांगू जाऊन? तिच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडं."

भाद्रपद सरत आला होता. एका सकाळी पूजा आटोपून ते देवळातून बाहेर आले आणि घरात न येताच मला हाक मारली.

"मंदे, चल."

धक्क्याची वाट ढिगाच्या पायथ्यावरून जायची. पावसानं तिथं लाल राड झालेली. आबा त्यातूनच गेले, अनवाणी. ताईच्या अंगणात पोचलो तेव्हा ती बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत होती. आम्हाला बघून उठली नाही.

आबा मागच्या वेळच्याच जागी थांबले. या खेपेला हातवारे नव्हते, तोंडी मशीन नव्हतं, साहेब नव्हते.

"हेमे," ते म्हणाले, "रुसली असती, तरी माझी चूकच होती."

ताईचा हात बाळाच्या पाठीवर थांबला. तिनं आबांच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग तिची नजर खाली गेली, त्यांच्या पायांकडं. घोट्यापर्यंत लाल मुरूम वाळून बसला होता.

तिनं बाळ माझ्या हातात दिलं, आतून पाण्याची बादली आणून पायरीवर ठेवली.

"पाय धुवा आधी," ती म्हणाली. "मुरूम घेऊन आत यायचं नाही."